तीन जादा व

किटलीचं बटण खट्‌कन वर उडालं, आणि घरात इतका वेळ किती शांतता होती ते तेव्हा मला कळलं. मी बाथरूममध्ये ओल्या केसांना टॉवेल गुंडाळत होते. दार किंचित उघडं होतं. स्वयंपाकघरातून माझी लेक मुंगी म्हणाली, "झालं तुझं? एवढ्यात उकळलंस पण? कसली गं मेली घाई तुला." त्यातलं 'मेली' सासूबाईंचं, शेवटचा हेल माझा. मी दाराच्या मुठीवरचा हात तसाच ठेवून उभी राहिले, कारण वाक्य सरळ आलं होतं, तांब्यातून पाणी ओतावं तसं. ती झ वर थांबली नाही, क वर थांबली नाही. किटली काही बोलेना तेव्हा मुंगीने तिला आणखी चार गोष्टी सुनावल्या. दुसऱ्याच्या घरी असं फुसफुस करू नये, झाकण नीट लावून बसावं, पाहुण्यांकडे टक लावून बघू नये. केसांतलं पाणी माझ्या मानेवरून पाठीत उतरत होतं आणि माझ्याने जागचं हलवत नव्हतं. मग गार लागलं म्हणून असेल, मी शिंकले. ती गप्प झाली. मी बाहेर आले तर खुर्चीवर गुडघे टेकून बसलेली, किटलीसमोर. माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, च… च… च…"

"चहा," मी म्हणाले. "करते हं."

तिने मान हलवली आणि खुर्चीवरून उतरली.

मुंगी सहा वर्षांची आहे. खरं नाव चांगलं लांबलचक आहे, पण रांगायला लागल्यापासून ती भिंतीच्या कडेकडेने सरळ रेषेत जायची आणि साखरेच्या डब्यापाशी सापडायची, म्हणून मुंगी. वस्तूंशी बोलताना ती अडकत नाही हे मला आधीही ठाऊक होतं. बाहुली, शॅम्पूची बाटली, लिफ्टमधली बटणं, रस्त्यावरची कुत्री, सगळ्यांशी तिचं घडाघडा चालतं. समोर माणूस आला की शब्दाच्या पहिल्या अक्षरापाशी कुठून तरी उंबरा येतो. पाय उचलते, ठेवते, परत उचलते, डोळे किलकिले होतात, हनुवटी पुढे येते, आणि ते बघवत नाही म्हणून आम्ही घरातले सगळे हात धरून तिला पलीकडे ओढून घेतो. च म्हणाली की चहा, प म्हणाली की पाणी. कधी तिला पाणी नको असतं, पेन्सिल हवी असते. मग ती पाणी पिते. पण हे सगळं ठाऊक असणं वेगळं आणि परक्या गावातल्या परक्या घरात टॉवेल डोक्याला धरून ऐकणं वेगळं. मला वाटलं, या पोरीला मी ओळखत नाही. आत एक अख्खी वेगळी मुलगी राहते, किटलीला दटावणारी, फटकळ, पक्की सासूबाईंच्या वळणाची, आणि मी जवळ आले की ती पडद्यामागे जाते.

सुट्टीला निघण्याआधी शाळेत बोलावलं होतं. वर्गशिक्षिका चांगली बाई आहे, वाईट अजिबात नाही. मुंगीवर तिचा जीव आहे. मुलं वर्गात एकेकाने उठून स्वतःबद्दल पाच वाक्यं सांगत होती, तेव्हा मुंगी फळ्यापुढे तोंड उघडं ठेवून किती तरी वेळ उभी राहिली, असं सांगताना तिचाच आवाज जड झाला. मग म्हणाली, दोन भाषांची डोक्यात गर्दी होत असेल. घरात शाळेचीच भाषा ठेवून बघा. काही महिने मराठी बंद. परतताना नवऱ्याने गाडी सुरूच केली नाही. किल्ली हातात धरून बसला. समोरच्या काचेवर कुणीतरी जाहिरातीचा कागद अडकवला होता, तो काढायलाही उतरला नाही. "एकच रस्ता मोकळा ठेवू तिला," म्हणाला. "तू दिवसभर शब्दांत असतेस, तुला कठीण जाईल हे कळतंय मला. पण तिचं तोंड बघवत नाही गं." मी म्हणाले, "बरं." मराठीत 'बरं' म्हटलं की ते होकाराचं असतं, नुसतं ऐकल्याचं असतं, पुढे काय असं विचारायचं असतं, आणि कधी कधी भांडण पुढे ढकलायचंही असतं. माझं त्यातलं कोणतं होतं ते त्याने विचारलं नाही आणि मीही बघितलं नाही. सुट्टीपुरतं राहू दे, परत गेल्यावर सुरू करू, असं ठरलं. घरी सासूबाई गादीच्या कडेवर बसून सगळं ऐकत होत्या. त्यांना शाळेच्या भाषेतलं 'थँक्यू' आणि 'नो पार्किंग' येतं. त्या म्हणाल्या, "पोरीचं भलं होत असेल तर मी गप्प बसेन हो. नाही तरी माझं बोलणं कुणाला हवंय." म्हणाल्या आणि आपल्याच विनोदावर हसल्या, पण पदराने चष्मा पुसायला लागल्या.

निघण्याआधी एका सकाळी मी त्या रस्त्याने चालून बघितलं होतं. मुंगीला आंघोळीला बोलावलं, शाळेच्या भाषेत. व्याकरण अगदी शुद्ध होतं. माझाच आवाज मला बँकेतल्या खिडकीमागून आल्यासारखा वाटला. मुंगीने मान तिरपी करून माझ्याकडे बघितलं, मागे आणखी कुणी उभं आहे का तेही बघितलं, आणि म्हणाली, "ओके मॅडम." अजिबात न अडकता. नवरा दाढी करता करता बाहेर आला, गालावर फेस तसाच, केवढ्या आनंदाने. बघ, म्हणाला, बघ. मी बघत होतेच. आंघोळ घालताना मी तिच्या पाठीला साबण लावत होते आणि ती गप्प होती. गुदगुल्या झाल्यावर ओरडतात ते कुठल्या भाषेत ओरडायचं ते आम्हा दोघींनाही ठरवता येईना.

म्हणून ही सुट्टी मला सुट्टीसारखी लागत नव्हती. नणंदेने, म्हणजे ताईंनी, किती वर्षांपासून परदेशातल्या आपल्या घरी बोलावलं होतं. विमानात बसेपर्यंत मीही हौसेने स्वेटर घड्या घालून ठेवत होते. इथे आल्यावर मात्र मला एकच उद्योग लागला. गाव बघायच्या ऐवजी मी मुंगीत शब्द भरत होते, लांबच्या प्रवासाला निघालेल्याच्या पिशवीत आपण डबे कोंबतो तसे. चालता चालता सांगायची, हा बघ कोनाडा. ती बाई बघ कशी लगबगीने चाललीय. हे कबुतर ओशाळलंय. पुलावर वारा झोंबतोय, झोंबतोय म्हण. मुंगी बिचारी एकदा थांबली आणि म्हणाली, "आई, तू फार ब… ब…" "बडबडते," मी पुरं केलं, आणि नवरा मोठ्याने हसला.

त्या किटलीच्या दिवशी सगळे तळ्यावर गेले होते, होडीतून फिरायला. मुंगीचं नाक गळत होतं म्हणून आम्ही दोघी मागे राहिलो. जाता जाता ताईंनी आपलं वाचनालयाचं कार्ड माझ्या हातात ठेवलं. "घरात कोंडून बसू नका. खाली चौक ओलांडला की आहे. पुस्तकांचं सोड गं, तिथला हीटर आमच्या हीटरपेक्षा चांगला. फुकटची ऊब. मी तर हिवाळाभर तिथेच बसून भाजी निवडते."

"खरंच?"

"छे गं. पण मनात फार येतं."

चहा झाला. मुंगीने बिस्किट बुडवलं, ते तुटून तळाला गेलं, आम्ही दोघींनी वाकून त्याला निरोप दिला. मग मी तिला टोपी, मोजे, वर पुन्हा मोजे घातले आणि आम्ही निघालो. रस्ता नुकताच धुतल्यासारखा काळा होता. दुकानांच्या पाट्या मला वाचता येत होत्या पण कळत नव्हत्या, आणि वाचता येऊन न कळणं हे मला पुसट आजारपणासारखं वाटतं. माझं पोट वाचण्यावर आहे. शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते मी, एका छोट्या प्रकाशकाकडे, अर्धा दिवस. ऱ्हस्व-दीर्घ, सुटलेला अनुस्वार, चुकून दोनदा पडलेलं अक्षर. जादा अक्षराभोवती गोल करायचा आणि समासात खूण करायची: काढून टाका. नवरा म्हणतो, हिला प्रेमपत्र लिहायची सोय नाही, तपासून परत मिळतं. मुंगी माझ्या बोटाला लोंबकळत चालली होती, फरशीच्या सांध्यांवर पाय न देता. मी काही बोलत नव्हते. किटलीशी बोलणारा तो आवाज माझ्या कानात अजून होता आणि मला भीती वाटत होती की मी बोलले तर तो पुसला जाईल.

वाचनालयाचं दार जड होतं, आणि आत ताई म्हणाल्या तशी ऊब. कोट टांगायच्या खुंट्यांखाली पाण्याची थारोळी. ओल्या लोकरीचा, गोंदाचा, जुन्या कागदाचा वास. हा शेवटचा वास मात्र कुठेही गेलं तरी तोच असतो, आमच्या ऑफिसच्या माळ्यावर येतो तोच, आणि तो नाकात गेला तसे माझे खांदे आपोआप खाली आले. खिडकीपाशी दोन म्हातारे एकच वर्तमानपत्र वाचत होते, एकजण पान उलटायला दुसऱ्याची वाट बघत होता. एक विद्यार्थिनी वहीवर गाल टेकून झोपली होती. काउंटरमागच्या बाईंनी आमच्याकडे बघून हात वर केला, जणू आम्ही रोजच येतो. करड्या केसांच्या, उंच, चष्म्याला साखळी लावलेल्या. मी मुंगीला लहान मुलांच्या कोपऱ्यात उशीवर बसवलं आणि तिच्यासाठी प्राण्यांचं पुस्तक काढलं, चित्रं तर कळतील. शेजारी बसून मी डोळे मिटले. हीटर टिकटिक करत होता. मला आठवलं की मुंगी पोटात असताना मी अशीच बसायचे, मुद्रितांचा गठ्ठा पोटावर ठेवून, आणि तपासता तपासता मोठ्याने वाचायचे. चौथीचं परिसराचं पुस्तक, सहावीचं व्याकरण. तिने जन्माआधी ऐकलेली पहिली वाक्यं म्हणजे बाष्पीभवनाची व्याख्या आणि क्रियापदाचे अर्थ. आतून लाथ बसली की मला वाटायचं, हिला चूक सापडली. एवढं सगळं आत गेलंय तिच्या. ते आता बंद कसं करायचं असतं? नळ असतो का कुठे? मी डोळे उघडले तर उशी रिकामी.

ती मागच्या भिंतीपाशी होती. कंबरेत वाकून, डोकं दोन पायांमधून मागे घालून उभी. टोपी जमिनीवर पडलेली. मी धावले. "मुंगे, हे काय, ऊठ आधी." तिने उलट्याच डोक्याने माझ्याकडे बघितलं, लालबुंद तोंड, आणि बोटाने कपाट दाखवलं. "आई, म… म…" मी कपाटाकडे बघितलं. निरनिराळ्या भाषांचे खण होते, प्रत्येकावर त्या त्या लिपीतली पट्टी. सगळ्यात खालच्या खणावर एक पांढरी पट्टी होती, आणि तिच्यावर काहीतरी होतं जे मला ओळखीचं वाटत होतं पण वाचता येत नव्हतं. झोपेत आपलाच हात बधिर होऊन दुसऱ्याचा वाटतो तसं. मग मीही मान वाकडी केली. पट्टीवर छापलं होतं 'मराठी', उलटं. खाली डझनभर मराठी पुस्तकं, एक जाड शब्दकोश, मुलांच्या गोष्टी, आरोग्याचं काहीतरी, आणि सगळीच्या सगळी डोक्यावर उभी. एकही चुकून सरळ नाही. कण्यांवरचे क्रमांकाचे कागदसुद्धा त्याच हिशेबाने, नीट, काळजीपूर्वक चिकटवलेले. मी आयुष्यात इतक्या चुका बघितल्यात, पण इतकी प्रेमाने केलेली चूक कधी बघितली नव्हती.

मुंगीला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग ती जमिनीवर बसली आणि खदाखदा हसायला लागली, आणि तिचं बघून मलाही आवरेना. म्हाताऱ्यांनी पान उलटायचं थांबवलं. काउंटरवरच्या बाई आमच्याकडे यायला निघाल्या. मी घाईने डोळे पुसले. आता बाहेर काढणार. पण त्या येऊन आमच्या शेजारी चक्क खाली बसल्या, गुडघ्यांचा आवाज करत, आणि कशाला हसता ते आम्हालाही सांगा अशा चेहऱ्याने बघू लागल्या. त्यांना शाळेची भाषा तोडकीमोडकी येत होती, मला त्यांची त्याहून कमी. मी एक पुस्तक काढलं, त्यांच्यासमोर फिरवून सरळ धरलं, शिरोरेषेवर बोट ठेवलं. ही वर. वर असते.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. पट्टीकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं. त्यांच्या गालांवर हळूहळू लाली आली. तळहात आडवा धरून त्यांनी मला समजावलं, की त्यांना वाटलं होतं ही रेघ म्हणजे जमीन. अक्षरांना उभं राहायला काहीतरी हवंच ना.

"पण लोक नेतात ना ही पुस्तकं? कुणी सांगितलं नाही?"

नेतात, म्हणाल्या. वाचतात, आणून देतात, आभार मानतात. कुणी कधीच काही बोललं नाही. मला त्या सगळ्या न बघितलेल्या माणसांचं हसू आलं. नक्की आपलीच माणसं. हातात घेऊन पुस्तक सरळ केलं असणार, परत देताना पुन्हा उलटं ठेवलं असणार. जाऊ दे, कशाला उगाच त्यांना वाईट वाटायला.

"ती उभी नसतात," मुंगी म्हणाली. मराठीतच म्हणाली, बाईंकडे बघून. तिला त्या बाईंना कळतंय की नाही याची काही पडलेली नव्हती. "ती ल… ल… लटकतात. ती व… व… व…"

मला शब्द माहीत होता. आमच्या खिडकीसमोरच्या झाडावर ती लटकलेली असतात आणि मुंगी रोज सकाळी त्यांची हजेरी घेते. शब्द माझ्या ओठांवर आलासुद्धा. पण बाई मुंगीकडे अशा बघत होत्या, जसं काठोकाठ भरलेला पेला घेऊन चाललेल्या माणसाकडे आपण बघतो, श्वास धरून, आणि मदतीला हात पुढे केला तर सांडेल म्हणून न करता. मधे बोलायला मला जागाच राहिली नाही. मुंगीची हनुवटी पुढे आली, डोळे किलकिले झाले, आणि मग शब्द बाहेर आला, "वटवाघूळ!" तिने मान खाली लोंबकळवली, हात पंखांसारखे अंगाला लपेटले आणि मग फडफडवले. बाईंनी टाळी वाजवली. कळलं, कळलं. त्यांच्या भाषेतला शब्द त्या मोठ्याने म्हणाल्या. मग बोट वर केलं, आणि सगळं लक्ष तोंडात गोळा करून, शिकणाऱ्या माणसाच्या गंभीरपणाने, आमचा शब्द म्हणून दाखवला.

"व… व… व… वटवागूळ."

तीनही व. मधल्या थांब्यांसकट. हनुवटीसुद्धा थोडी पुढे.

माझ्या कानांतून वाफ निघाल्यासारखं झालं. शाळेच्या बसथांब्यावर एक मुलगी आहे, दोन वेण्यांची, ती मुंगी दिसली की रोज असंच करते. तिची आई मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणते, अगं, असं करू नये, आणि पुन्हा डोकं खाली. मुंगी तेव्हा बुटांकडे बघते. मी उठलेच होते. टोपी उचलायची, पोरीचा हात धरायचा आणि बाहेर. पण मुंगी बुटांकडे बघत नव्हती. ती बाईंच्या तोंडाकडे बघत होती, एखादं फळ किडकं आहे की चांगलं ते बघावं तसं, बराच वेळ. बाई वाट बघत होत्या, बरोबर आलं का? त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही थट्टेचा मागमूस नव्हता, उलट पहिल्या बाकावरची धाकधूक होती. आणि मला कळलं त्याच्या क्षणभर आधी मुंगीला कळलं. ती पुढे सरकली आणि बाईंच्या गुडघ्यावर हात ठेवून, किटलीला समजावतानाच्या त्या आवाजात म्हणाली,

"नाही नाही. ते व नाही घ्यायचे. ते माझे आहेत."

बाईंना अर्थात कळलं नाही. मुंगीने मग टाळी वाजवत तुकडे पाडून दिले: वट, वा, घूळ. बाईंना 'घ' जमेना. "घ," मुंगी म्हणाली. "ग," बाई म्हणाल्या. "पोटातून काढा," मुंगीने त्यांचं पोट दाखवलं. एक म्हातारा वर्तमानपत्र सोडून जवळ आला आणि त्यानेही एकदा घ काढून बघितला, खोकला झाला. मी तिथेच कपाटाला पाठ टेकून बसले. ते माझे आहेत. आयुष्यभर मी जादा अक्षरांभोवती गोल काढत आले, आणि ही सहा वर्षांची पोर माझ्यासमोर आपले तीन व मोजून, ओळखून, बाजूला ठेवत होती. शब्दात ते नव्हते हे तिला पक्कं ठाऊक होतं. शब्द तिच्याकडे धडधाकट, अख्खा होता. जे अडत होतं ते शब्दाच्या अलीकडे, तिच्या स्वतःच्या अंगणात होतं, आणि आम्ही त्यासाठी शब्दच काढून टाकायला निघालो होतो. मी तिच्याशी बँकेच्या खिडकीमागून बोलले असते आणि तिने न अडकता 'ओके मॅडम' म्हटलं असतं, आणि आम्ही सगळ्यांनी ते बरं झालं असं धरलं असतं. ती फटकळ मुलगी मग फक्त किटलीला भेटली असती.

नंतर आम्ही तिघींनी मिळून सगळी पुस्तकं सरळ केली. बाईंनी पट्टी नखाने सोलून काढली, कोपरा फाटला, मग ती सरळ करून चिकटपट्टीने लावली. मुंगी लांब जाऊन बघून आली आणि मान डोलावली. मध्येच ती कशावर तरी पुन्हा अडकली, प वर, बाई तशाच थांबल्या, मीही थांबले. थांबणं इतकं अवघड असतं हे मला ठाऊक नव्हतं. जीभ टाळूला घट्ट लावून धरावी लागते. त्या थांब्यात काय काय मनात येतं, कुणी बघतंय का, हिला श्वास घेता येतोय ना, मी आई आहे की दगड. आणि मग शब्द येतो. पुस्तक नव्हता तो, पाणीही नव्हता. पट्टी होता. मी तिला पुस्तक देऊन मोकळी झाले असते.

परत येताना चौकात दिवा लाल होता. "मुंगे," मी विचारलं, "त्या बाई तुझ्यासारखं बोलल्या, तेव्हा राग आला?"

"आधी आला. मग क…"

दिवा हिरवा झाला. लोक आम्हाला वळसा घालून पुढे गेले. मी तिथेच उभी राहिले.

"…कळलं. तिला वाटलं शब्दच तसा आहे. ल… लांब." तिने नाक ओढलं. "तिला माहीतच नाही आई, मी अडकते ते."

"मग?"

"मग मज्जा."

संध्याकाळी सगळे गारठून, नाकं लाल करून परतले. सासूबाई दोन शालींत होत्या आणि होडीपेक्षा होडीवाल्याच्या मिशांबद्दलच बोलत होत्या. ताई चहा गाळत होत्या. नवऱ्याने बूट काढता काढता विचारलं, "काय मग, दोघींनी काय केलं दिवसभर?" आणि मी म्हणाले, म्हणजे माझ्या तोंडून बाहेर पडलं, "परत गेल्यावर ते आपलं ठरलंय ना, ते मी करणार नाही."

तो एक बूट हातात धरून राहिला. "कोणतं?"

"मी तिच्याशी मराठीतच बोलणार. तू बोल शाळेचं, हवं तेवढं बोल. मी नाही."

"अगं, पण शाळेतल्या बाई म्हणाल्या…"

"त्या वर्गातल्या बाई आहेत. याच्यातलं ज्यांना नीट कळतं अशा कुणाकडे तरी दाखवू. जे सांगतील ते करू. पण तोवर मी तोंड बंद करणार नाही तिच्याशी."

"आणि नाही सुटलं तर?" तो हळू म्हणाला. त्याचा चेहरा शाळेबाहेर गाडीत होता तसाच झाला. तो दुष्ट नाही, घाबरलेला आहे, मीही आहे.

"नाही सुटलं तर नाही सुटलं. पण ती अडकेल तेव्हा तिच्यासमोर आई असेल."

मग सासूबाई शालीतून म्हणाल्या, "बरं झालं गं बाई. मी किती दिवस मनातल्या मनात सराव करतेय. गुड मॉर्निंगच्या पुढे गाडीच जाईना. पोरीला दिवसभर गुड मॉर्निंग म्हणत बसले असते मी." ताई इतक्या जोरात हसल्या की चहा बशीत सांडला. नवरा हसला नाही. त्याने दुसरा बूट काढला, दोन्ही जोडून भिंतीला लावले, आणि मुंगीला जवळ ओढून घेतलं. "तू सांग. काय केलंस तिथे?"

"आम्ही प… प…"

त्याचं तोंड उघडलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने तोंड मिटलं. गालाचा स्नायू हलताना मला दिसत होता. त्याने नजर जमिनीवर लावली, मग छतावर, मग पुन्हा तिच्यावर, आणि हात कुठे ठेवावेत ते न कळून स्वतःच्याच गुडघ्यांवर घट्ट धरले. तिचा शब्द आला तेव्हा तोही सुटल्यासारखा श्वास सोडून म्हणाला, "काय? पट्टी? कसली पट्टी?" आणि ती सांगायला लागली. खूप वेळ लागला तिला. होडीवाल्याच्या मिशा मागे पडल्या.

नंतर आतल्या खोलीत मी तिची नखं कापत होते. खाली ताईंकडचं वर्तमानपत्र अंथरलं होतं, न कळणाऱ्या ओळींवर तिची नखं पडत होती, इवली इवली. बाहेरून सगळ्यांचं बोलणं ऐकू येत होतं, एकावर एक, नेहमीसारखं. मुंगी माझ्या मांडीत पाठ टेकून बसली होती आणि तिचे केस माझ्या हनुवटीला टोचत होते. अंगठा झाला, पहिलं बोट झालं. ती स्वतःच्या हाताकडे बघत कसला तरी विचार करत होती.

"आई," ती म्हणाली, "मी अडकते ना, तेव्हा तो श… श…"

मी नखं कापायची थांबले. तिचं बोट माझ्या बोटांत होतं, गरम.

"…शब्द कुठे असतो?"